मलय घरातली वाढती मुलं: पालकांनी या चुका टाळा

मलेशियात किशोरवयीन मुलांचं वजन वाढलं की दोष आधी नासी लेमाकला दिला जातो. नारळाच्या दुधातला भात, तळलेली सुकी मासळी, झणझणीत सांबाल म्हणजे मिरचीची चटणी. शेतावर राबणाऱ्यांची ही न्याहारी होती. आज ताट तेच राहिलं, राबणं मात्र सुटलं. माझ्या मते खरी चूक इथेच आहे: परंपरेतली मेजवानी जपायची आणि तिच्यासोबतचा संयम विसरायचा.

रमजानमध्ये हे ठळक दिसतं. तेरा-साडेतेरा तासांचा उपवास, आणि झोप मोडायला नको म्हणून मुलाला सहूरला, म्हणजे पहाटेच्या सहरीला, उठवतच नाहीत. मग संध्याकाळी रमजान बाजारातले तळलेले पदार्थ आणि सिराप बांडुंग हे गुलाबी गोड दूध-सरबत, तराविहनंतर (रमजानमधल्या रात्रीच्या नमाजेनंतर) मित्रांबरोबर मामाक स्टॉल, म्हणजे तमिळ मुस्लिमांची खाण्याची टपरी. दुपारी वर्गात डोकं दुखणारच. सहूरमध्ये बरकत आहे, असं पैगंबरांनीच सांगितलंय. त्या वेळी अंडी, फळं, भरपूर पाणी द्या. रोजा खजूर-पाण्याने सोडा, मगरिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज पढा आणि मगच जेवायला बसा. तेवढ्या वेळात भुकेची घाई ओसरते. पोटाचा एक तृतीयांश भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही हदीस (पैगंबरांचं वचन) मुलांना पाठ असते. ताट वाढताना मोठ्यांनीही ती पाळावी. या वयात 8 ते 10 तास झोप लागते, म्हणून शाळेनंतर थोडं झोपू द्या. आजारी मुलावर रोज्याची सक्ती नको, कुराणानेच सवलत दिली आहे. मुलगी वजन घटवायला रोजे वाढवत असेल, तर तिच्याशी शांतपणे बोला, डॉक्टरांना दाखवा.

बाटलीबंद गोड पेयांवर मलेशियाने 2019 मध्ये कर लावला. स्टॉलवरच्या कंडेन्स्ड मिल्कच्या तेह तारिकला (फेसाळ चहाला) तो लागू नाही. तिथे ‘कुरांग मानिस’, म्हणजे कमी गोड, असं सांगायची सवय लावा.

वयात आल्यावर मुलीचं खेळणं लाजेच्या नावाखाली बंद करणं मला सर्वांत जास्त खटकतं. जागतिक आरोग्य संघटना 17 वर्षांपर्यंत रोज 60 मिनिटांची हालचाल सांगते, मुलगा असो वा मुलगी. सिलात या मलय युद्धकलेचा पोशाख अंगभर असतो, हिजाब घालूनही ती सहज खेळता येते. 2019 मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून गौरवलेली ही घरचीच विद्या आहे. धनुर्विद्येला तर हदीसचाच आधार आहे.

उलाम, म्हणजे कच्चा पाला, मुलं खात नाहीत? आधी तुम्ही खा. पेगागाची (आपली मंडूकपर्णी) पानं सांबालबरोबर रोज ताटात दिसू द्या, आग्रह करू नका.