शरदातले पहिले पाहुणे पक्षी कसे पाहावेत

पहिला तुतवार, म्हणजे पाणकाठी चरणारा एक लहान स्थलांतरित पक्षी, बहुधा एकटाच येतो. पाण्याच्या कडेला दगडावर शेपटीकडचा भाग सारखा वरखाली हलवत असतो, आणि आपण थव्यांची वाट बघत मान वर करून उभे!

उत्तर गोलार्धात परतीचं स्थलांतर कॅलेंडरातल्या शरदाची वाट पाहत नाही. आर्क्टिकमध्ये वीण करणारे काही चिखलपक्षी जुलैतच दक्षिणेकडे निघतात. बहुतेक जातींत प्रौढ आधी आणि त्या वर्षीची पिल्लं काही आठवड्यांनी. म्हणून ऑगस्टपासूनच डोळे उघडे ठेवा.

आधी एकच जागा धरा. चालत जाता येईल असा तलाव, ओढा, पडीक माळ, काहीही चालेल. लांबच्या नावाजलेल्या पाणथळीला वर्षातून एकदा जाण्यापेक्षा इथे आठवड्यातून दोनदा जा, आणि तेही स्थलांतर सुरू होण्याच्या आधीपासून. घरची माणसं ओळखीची असली तरच पाहुणा वेगळा कळतो.

सूर्योदयानंतरचे दोन तास उत्तम. बरेचसे लहान पक्षी रात्री उडतात आणि पहाटे उतरून खायला लागतात. रात्री पाऊस किंवा समोरून जोराचा वारा झाला असेल तर ती सकाळ सोडू नका. वाटेत अडकलेले पक्षी मिळेल तिथे उतरतात. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. ऊन पाठीवर घ्या, नाहीतर सगळेच पक्षी काळे दिसतील.

पक्षी दिसला की लगेच पुस्तक उघडू नका. मी सुरुवातीला हेच करायचो: चित्र बघून नाव ठरवायचं आणि मग खुणा त्यात बसवायच्या. आधी वहीत उतरवा: ओळखीच्या पक्ष्याहून मोठा की लहान, चोच, पाय, चालण्याची लकब, आवाज. तुतवार आणि हिरवी तुतारी यांचीच गल्लत घ्या. दोघंही वरून तपकिरी, खालून पांढरे. तुतवाराच्या छातीचा पांढरा रंग पंखापुढून खांद्याकडे टोकासारखा वर चढतो. उडताना तो पाण्यालगत, पंख ताठ ठेवून थरथरत जातो आणि पंखांवर पांढरी पट्टी दिसते. हिरवी तुतारी उडाली की पंख गडद आणि कंबर पांढरीशुभ्र. ते दोन सेकंद चुकले तर ‘तुतवार किंवा तुतारी, जात नक्की नाही’ असं लिहा. त्यात कमीपणा नाही.

वयही बघा. पिल्लांची पिसं नवीकोरी, बऱ्याच जातींत कडा खवल्यांसारख्या फिकट. प्रौढांची झिजलेली, मधूनच विणीच्या रंगाचे डाग उरलेले.

नोंदीत तारीख, जागा, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, आणि संख्या हवीच. मोठा थवा असेल तर दहा पक्षी मोजा, तेवढ्यांचा पट्टा नजरेत धरा आणि असे पट्टे किती होतात ते पाहा. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं संकेतस्थळ) यादी टाकताना ओळखलेला प्रत्येक पक्षी लिहा, अगदी कावळासुद्धा. नवीन काही दिसलं नाही त्या दिवसाचीही यादी ठेवा. काल नव्हता हे ठाऊक असेल तरच आज आला असं म्हणता येतं.

उडतानाचा फोटो मिळावा म्हणून मात्र पक्ष्याला उठवू नका. पुढच्या टप्प्यासाठी लागणारी चरबी त्याला इथेच साठवायची असते. चरणं थांबवून त्याने मान ताठ केली की दोन पावलं मागे या.