स्वीडनचा सामाजिक खर्च समन्यायाच्या कसोटीवर कसा तपासावा

स्वीडनचा सामाजिक खर्च, म्हणजे निवृत्तिवेतन, भत्ते आणि आरोग्यासारख्या सेवांवरील सरकारी खर्च, तेथील विषमता किती कमी करतो, हे तपासताना देशाच्या सकल उत्पादनाशी असलेल्या टक्केवारीपासून सुरुवात करावी, पण तेथे थांबू नये. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या आकडेवारीत हा वाटा साधारण एक चतुर्थांश असतो आणि फ्रान्सचा सुमारे ३० टक्के. एवढ्यावरून फ्रान्स अधिक समन्यायी ठरत नाही. शिवाय स्वीडनमध्ये निवृत्तिवेतन, आजारपणाचा भत्ता आणि पालकत्व भत्ता यांवर प्राप्तिकर लागतो, म्हणून ढोबळ खर्चाशेजारी कर वजा जाता उरणारा निव्वळ खर्चही मांडावा.

यानंतर प्रत्येक योजनेचा नियम वाचावा. सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. बालभत्ता सर्वांना सारखा आहे: २०१८ पासून दर मुलामागे दरमहा १,२५० क्रोनर (स्वीडनचे चलन), तेही करमुक्त. पालकत्व भत्त्याचे तसे नाही. एका मुलामागे मिळणाऱ्या ४८० दिवसांपैकी ३९० दिवस मिळकतीच्या सुमारे ८० टक्के रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत मिळते आणि उरलेले ९० दिवस रोज १८० क्रोनर. ज्यांना आधी मिळकतच नव्हती, त्यांना मात्र त्या ३९० दिवसांतही रोज २५० क्रोनरच मिळतात. शिक्षण घेत असलेली आई बहुधा याच गटात मोडते.

तरीही हा नियम अन्यायकारक म्हणून लगेच मोडीत काढू नये. मदत केवळ गरिबांपुरती ठेवणाऱ्या देशांपेक्षा मध्यमवर्गालाही मिळकतीच्या प्रमाणात सामावून घेणारे देश विषमता अधिक घटवतात, असे वाल्टर कोर्पी आणि योआकिम पाल्मे या स्वीडिश अभ्यासकांनी १९९८ मध्ये मांडले. ज्या व्यवस्थेतून आपल्यालाही काही मिळते, तिच्यासाठी लोक कर भरायला तयार होतात, हे त्यामागचे कारण. पुढील संशोधकांनी या मांडणीला आव्हान दिले आहे. माझ्या मते तिचा गाभा खरा आहे, मात्र तळाची रक्कम सन्मानाने जगण्यापुरती असली तरच.

स्त्री-पुरुष समतेसाठी वेगळी नोंद ठेवावी: पालकत्व भत्त्याच्या दिवसांपैकी प्रत्येक पालकासाठी राखीव असलेल्या ९० दिवसांपलीकडचे (हे ९० दिवस वरच्या १८० क्रोनरच्या दिवसांहून वेगळे) दिवस प्रत्यक्षात कोण घेते, ते पाहावे.

सेवांच्या बाबतीत राष्ट्रीय सरासरी अपुरी पडते, कारण आरोग्यसेवा २१ प्रादेशिक संस्थांकडे, तर शाळा आणि वृद्धांची देखभाल २९० नगरपालिकांकडे आहे. त्यांच्यातील आर्थिक तफावत समतोल निधीद्वारे भरून काढली जाते. ती कितपत भरते, हे उत्तरेकडील विरळ वस्तीची एखादी नगरपालिका स्टॉकहोमशेजारच्या सधन नगरपालिकेशी ताडून पाहावे.

शेवटी, नियमांच्या बाहेर कोण राहते ते शोधावे. मिळकतीशी निगडित बेकारी भत्ता पूर्ण दराने मिळण्यासाठी बेकारी विमा निधीचे सभासदत्व लागते आणि ते ऐच्छिक आहे; म्हणून भत्त्याच्या दरासोबत सभासद नसलेल्यांचे वय, जन्मदेश आणि नोकरीचे स्वरूपही तपासावे.