कुत्र्याला घेऊन वृद्धाश्रमात जायचं आहे? अशी करा तयारी

आमची चिंगी देशी कुत्री आहे. सात वर्षांची, एक कान उभा, एक पडलेला. दर मंगळवारी साडेचारला मी तिला घेऊन पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात जाते. ‘आमच्या कुत्र्यालाही नेता येईल का?’ असं बरेच जण विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कुत्र्याचा स्वभाव बघा

लॅब्रॅडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हरच हवा असं काही नाही. अनोळखी माणूस दिसला की आपणहून शेपटी हलवत जवळ जाणारा कुत्रा हवा. ‘चावत नाही, गप्प बसतो’ एवढ्या भरवशावर नेऊ नका. गप्प बसणारा कुत्रा कधी कधी आतून घाबरलेला असतो. पिल्लूही नको. ब्रिटनमध्ये १९८३ पासून हे काम करणारी ‘पेट्स ॲज थेरपी’ ही संस्था नऊ महिन्यांखालचा कुत्रा घेत नाही, अमेरिकेतली ‘पेट पार्टनर्स’ वर्षाखालचा घेत नाही. शिवाय कुत्रा निदान सहा महिने तुमच्याकडे असावा, अशी दोघींची अट आहे. मला ती पूर्ण पटते. आपल्या कुत्र्याचा चेहरा वाचता यायला तेवढा वेळ लागतोच.

घरचा सराव

काठी, वॉकर, व्हीलचेअर, खोकल्याची उबळ, फरशीवर पडलेलं स्टीलचं ताट या सगळ्याची सवय घरीच करायची. आम्ही शेजारच्या आजोबांची काठी आणून महिनाभर चिंगीच्या आजूबाजूला ठकठक करत फिरलो. ताट आधी लांब पाडायचं, मग हळूहळू जवळ, आणि प्रत्येक वेळी खाऊ द्यायचा.

दोन गोष्टी पक्क्या झाल्याशिवाय मात्र घराबाहेर पडू नका. पहिली, अंगावर उडी न मारणं. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते, त्यात कुणाला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतात. नखाच्या साध्या ओरखड्यातलं रक्तही लवकर थांबत नाही. म्हणून नखं कापून घासून गुळगुळीत करायची. दुसरी, ‘सोड’ म्हटलं की तोंडातलं टाकणं. थरथरत्या हातातून औषधाची गोळी खाली पडते आणि कुत्रा ती क्षणात उचलतो. आज्याही मायेनं लाडू पुढे करतात. त्यातला बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतो. मी चिंगीचाच खाऊ डबीत नेते आणि आजींच्या उघड्या तळहातावर ठेवते. देण्याचा आनंद त्यांचा त्यांना मिळतो.

कागदपत्रं आणि परवानगी

रेबीजची लस दर वर्षी, लेप्टोसह (लेप्टोस्पायरोसिस, माणसालाही होऊ शकणारा आजार) बाकीच्या लसी आणि जंताचं औषध वेळेवर, अंगावर गोचीड नाही. पशुवैद्याचं प्रमाणपत्र आणि महापालिकेचा परवाना फाइलला लावून ठेवा. कच्चं मांस खाणारा कुत्रा नेऊ नये, त्यातले जंतू अशक्त माणसाला बाधतात.

पहिल्या खेपेला एकटेच जा आणि व्यवस्थापकांशी बोला. कुणाला भीती वाटते, कुणाला ॲलर्जी आहे, कुणाला जखम आहे, कुणाच्या सोवळ्यात कुत्रं बसत नाही, हे विचारून घ्या. कुणी नको म्हटलं तर आग्रह करू नका. आणखी एक, आपण जातो ती भेट असते, उपचार नव्हे. उपचार प्रशिक्षित तज्ज्ञ ठरवतात. मुंबई-पुण्याकडे ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’ तसं काम करतं. त्यात रस असेल तर रीतसर प्रशिक्षण घ्या.

प्रत्यक्ष भेट

आदल्या दिवशी आंघोळ घाला, निघण्याआधी फिरवून आणा. दारात थांबून ‘येऊ का?’ विचारा. विस्मरण झालेल्या माणसाकडे मागून जाऊ नका. समोरून, सावकाश, खुर्चीच्या उंचीला वाकून जा. पट्टा कायम तुमच्या हातात असू द्या.

बोलणं आपोआप सुरू होतं. एका आजोबांनी चिंगीचा पडलेला कान बोटांत धरला आणि शेतावरच्या मोत्याबद्दल, त्यानं परतवलेल्या रानडुकरांबद्दल सांगत राहिले. अर्धांगवायू झालेल्या एका आजींच्या अधू हाताखाली मी नुसता ब्रश ठेवते. मान ते शेपटी असा एकच फेरा त्या काढतात, त्याला दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी काही बोलत नाही.

अर्धा-पाऊण तास पुरे. झोप नसताना जांभया, सारखं ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, शेपटी आत घेणं ही कुत्र्याची ‘आता बास’ म्हणायची भाषा आहे. एकदा मोत्याची गोष्ट रंगली होती, म्हणून मी चिंगीचं तोंड फिरवणं पाहूनही थांबले. पुढच्या मंगळवारी ती फाटकाशीच बसून राहिली. नंतर महिनाभर आम्ही फक्त पंधरा मिनिटं जायचो, तेव्हा कुठे ती पुन्हा आनंदानं आत जाऊ लागली. आता गोष्ट कितीही रंगात असो, तिनं तोंड फिरवलं की मी उठते.

दिवाळीत फटाके सुरू झाले की नेऊ नका. पावसात पाय पुसायला जुना पंचा ठेवा.

आठवड्याला जमत नसेल तर महिन्यातून एकदाच जा, पण वार आणि वेळ ठरवा आणि पाळा. जाता येणार नसेल तर सकाळीच फोन करून कळवा. ब्रशवाल्या आजी मंगळवारी तीन वाजल्यापासून खुर्ची दाराकडे वळवून मागतात.