हात ढिले पडायचे, ते टाइट कसे झाले (माझा अनुभव)

आम्ही जळगावला कॉलेजच्या गॅदरिंगसाठी चिअरलीडिंगची टीम बसवली, आणि माझे हात सगळ्यांच्या मागून पोचायचे. मला वाटायचं स्पीड कमी आहे, म्हणून मी अजून जोरात फेकायची अन् ते अजूनच लटपटायचे.

शेवटी मैत्रिणीने स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला तेव्हा कळलं. लो व्हीमधून (दोन्ही हात खाली तिरके, उलट्या V सारखे) हाय व्हीत (दोन्ही हात वर तिरके, V सारखे) जाताना माझा हात बाहेरून मोठा गोल फिरून वर जायचा आणि पोचल्यावर परत थोडा हलायचा, शिवाय मनगट वाकलेलं, त्यामुळे सरळ रेष दिसायचीच नाही.

मग मे महिन्यात ऊन चढायच्या आत, सकाळी सहाला गच्चीवर भिंतीला पाठ लावून उभी राहायची. हात टी (दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे) किंवा हाय व्हीत नेताना भिंतीला लागला म्हणजे तो मागे गेला, तो कायम थोडा पुढेच हवा, मान न वळवता दोन्ही मुठी डोळ्यांच्या कडेला दिसल्या पाहिजेत. अंगठा मुठीच्या बाहेर. हात छातीजवळून, जवळच्या रस्त्याने न्यायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थांबणं! पोचल्याबरोबर दंड, खांदे, पोट एकदम आवळायचं. आधी एकेक मोशन (हातांची पोझ) आठ काउंट, म्हणजे तालाचे आठ आकडे, धरून ठेवायची, मग चार, मग दोन, मगच म्युझिक लावायचं.

हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन झटके मारू नका भो, माझा खांदा चार दिवस दुखला. बाटल्या घ्यायच्याच तर हळूच उचलून नुसत्या धरून ठेवा.

तीनेक आठवड्यांनी नवीन व्हिडिओत माझी मूठ बरोब्बर काउंटवर थांबलेली दिसली, तो व्हिडिओ मी आईला दहा वेळा दाखवला.