कोलायटिसची नोंद कॅलेंडरवर ठेवा

घरात कुणाला अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याला सूज येण्याचे जुनाट आजार) असेल, तर दुधाचा हिशेब लिहिता त्याच कॅलेंडरवर रोज लिहा: शौचाला किती वेळा, रक्त पडलं का, रात्री किती वेळा उठावं लागलं. ‘६, र, रा २’ एवढं पुरे. पाहुण्यांना अर्थ लागत नाही, हा फायदा वेगळाच! जत-आटपाडीहून एसटीने मिरजेला दाखवायला जायचं आणि डॉक्टरांसमोर नुसतं ‘अधूनमधून त्रास होतो’ म्हणायचं, त्यापेक्षा महिन्याची पानं सोबत न्या.

गोळी चुकली तर त्या तारखेवर फुली. बरं वाटतंय म्हणून मेसालामाइन (आतड्याची सूज आटोक्यात ठेवणारं औषध) परस्पर बंद केलं की आजार उलटण्याची शक्यता वाढते. स्टिरॉइड तर एकदम कधीच सोडू नये. अंगदुखीला मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नका, त्याने आतड्याची सूज भडकू शकते. तिखटाचं म्हणाल तर सगळ्यांना एकच पथ्य नसतं. वहिनींना झेपतं ते तुम्हाला झेपेलच असं नाही.

दिवसात रक्ताचे सहा किंवा जास्त जुलाब आणि सोबत ताप किंवा धडधड असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.