जपानच्या डोंगरी नदीत पोहायचं असेल तर

शिकोकू बेटावरच्या कोची प्रांतात जा. तिथली नियोदो नदी पश्चिम जपानच्या सर्वांत उंच शिखरावरून, १९८२ मीटरच्या इशिझुचीवरून निघते आणि १२४ किलोमीटर धावून समुद्राला मिळते. जुलैच्या मध्यानंतर पाऊस सरला की निघा. १३ ते १६ ऑगस्टच्या आसपास ओबोनची, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाची गर्दी असते, ते दिवस टाळा. खोऱ्यात बस मोजक्याच, म्हणून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच काढून न्या. लाइफ जॅकेट घ्या आणि पायाला घट्ट बसणारे बूट. चपला नकोत, पहिल्याच खळाळात वाहून जातात.

जागा शोधायला इनो आणि ओची या गावांजवळचे कठडे नसलेले बुटके पूल बघा, चिंकाबाशी म्हणतात त्यांना. पुरात पाणी वरून जावं, वाहून आलेली झाडं अडकू नयेत म्हणून कठडेच ठेवलेले नाहीत. या नदीला पूर येणार हे बांधणाऱ्यांनी धरूनच ठेवलंय, तुम्हीही धरा. निकोबुची नावाच्या निळ्या डोहाचे फोटो सगळीकडे दिसतील. तिथे पोहायला बंदी आहे. गावकरी त्या जागेला पवित्र मानतात, तेव्हा काठावरून बघा आणि परत या.

आता खरी गोष्ट, पाण्यात उतरण्याची. "तळ दिसतोय ना, मग उतरा बिनधास्त" हा सल्ला मला कितीतरी जणांनी दिला आणि तो साफ चुकीचा आहे. स्वच्छ पाणी खोली लपवतं. काठावरून चार मीटरचा डोह तीनच मीटरचा वाटतो आणि धारेचा जोर तर दिसतच नाही.

मी कृष्णेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले. त्या संथ, गढूळ पाण्याचा विश्वास घेऊन पहिल्या वर्षी इथे छातीभर वाटणाऱ्या पाण्यात उडी मारली. पाय टेकलेच नाहीत. गारठ्यानं श्वास असा अडकला की हाकही मारता येईना. धारेनं मला उथळ भागात नेलं, हायसं वाटून उभी राहायला गेले आणि उजवं पाऊल दोन गोट्यांच्या मध्ये अडकलं. पाणी गुडघ्याच्या जरा वर, पण पाठीमागून असं रेटत होतं की मी तोंडावर पडले. पाऊल सुटलं ते बूट तिथेच राहिला म्हणून.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. आधी बाहेर पडायची जागा शोधायची, उतरायची नंतर. काठावरून एक पान पाण्यात सोडा आणि त्याच्या बरोबरीनं चालत जा. ते कुठे वेग घेतं, कुठे मोठ्या दगडामागे वळून उलटं वर येतं, हे डोळ्यांनी बघा. दगडामागची ती उलटी धार म्हणजे तुमचा जिना, तिथून उतरा आणि तिथूनच बाहेर या. पान जिथे पडलेल्या झाडाच्या फांद्यांत किंवा बंधाऱ्याकडे ओढलं जातं, त्याच्या वरच्या अंगाला पोहूच नका. मनगटं, मान, छाती आधी भिजवा, श्वास शांत झाला की मगच पुढे सरका. आणि वाहून चाललात तर उभं राहायचं नाही, पाणी मांडीपर्यंत असलं तरी नाही. उताणे व्हा, पाय पुढे आणि वर, हातांनी तिरकं काठाकडे सरकत राहा. धारेच्या विरुद्ध हातपाय मारण्यात फक्त दम जातो.

आयु मासा धरणारे लांब गळ टाकून उभे असतात. त्यांच्यापासून बरंच दूर पोहा.

आकाशाकडे मात्र सतत लक्ष ठेवा, आपल्या डोक्यावरच्या नव्हे, वरच्या डोंगरावरच्या. जपानच्याच कोबे शहरात २८ जुलै २००८ रोजी तोगा नदीचं पाणी दहा मिनिटांत १.३४ मीटर चढलं आणि ५ जण दगावले. पाणी गढुळलं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या किंवा धरणाचा भोंगा वाजला की त्याच क्षणी बाहेर पडा. गार व्हायला दगडांत अडकवून ठेवलेलं कलिंगड आणायलाही मागे जाऊ नका.