अंतिम वादन-परीक्षेपूर्वी या चुका टाळा

व्हायोलिन वाजवता येत नाही म्हणून अंतिम परीक्षेत कोसळलेले विद्यार्थी मी फार कमी पाहिलेत. बहुतेक जण शेवटच्या पंधरवड्यात केलेल्या चुकांनी कोसळतात, आणि त्या चुका वर्षानुवर्षं त्याच असतात.

सर्वांत आधी तारा. नव्या तारांचा आवाज मोकळा लागतो, म्हणून लोक त्या ऐनवेळी चढवतात. सिंथेटिक गाभ्याची तार बसायला काही दिवस लागतात. तोवर ती ताणत राहते आणि सूर उतरत राहतो. माझ्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी व्हायोलिनच्या चारही तारा एकदम काढल्या. ताण गेला, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) निसटली आणि आतला साउंडपोस्ट, म्हणजे वाद्याच्या पोटातली उभी काडी, आडवा पडला. कारागिराने रात्री तो उभा केला, पण सकाळी दर दोन मिनिटांनी सूर खाली येत होता आणि प्रत्येक दुहेरी स्वर (दोन तारांवर एकदम वाजवलेला) बेसूर निघत होता. तेव्हापासून मी दहा-बारा दिवस आधी तारा बदलते. एका वेळी एकच. ती सुरात आली की मगच पुढची. प्रत्येक वेळी घोडीही बघते, कारण तार ओढताना ती फिंगरबोर्डकडे (बोटं ठेवायच्या पट्टीकडे) झुकते.

परीक्षेच्या दिवशी फोनवर बघून ए हा स्वर ४४० हर्ट्झला लावून मंचावर जाऊ नका. तिथला साथीचा पियानो ४४२ ला असू शकतो. सूर त्याच्याकडूनच घ्या.

दुसरी चूक मला जास्त छळते: रोज पहिल्या मात्रेपासून सुरुवात करून त्याला पाठांतर म्हणणं. मोझार्टच्या पाचव्या व्हायोलिन कॉन्चेर्टोच्या (वाद्यवृंदाच्या साथीने वाजवायच्या रचनेच्या) पहिल्या भागात दुसरी धून आधी ई मेजर या स्वरपट्टीत येते, शेवटाकडे परतताना ए मेजरमध्ये. माझ्या एका विद्यार्थिनीची बोटं परतीच्या वेळीही ई मेजरच्या वाटेला लागली. पियानो ए मध्येच होता. ती थांबली, आणि तिला खात्रीची जागा एकच माहीत होती: सुरुवात. परीक्षकांसमोर तिने सगळं पहिल्यापासून पुन्हा वाजवलं. तिचा चेहरा मी विसरलेले नाही.

म्हणून मी रचनेत आठ-दहा जागांना आकडे घालते, चिठ्ठी उचलायला लावते आणि निघेल तिथून वाजवून घेते. दोन सारख्या वाटा जिथे फुटतात, तिथला फरक वाद्य खाली ठेवून तोंडाने सांगायचा. "इतका वेळ कुठे आहे" म्हणणारे रोज अख्खी रचना तीनदा वाजवतात; त्यातली एक फेरी सोडली तरी वेळ निघतो.

रोझिन (गजाच्या केसांना लावायची राळ) मंचावर जाण्याच्या तोंडावर घासू नका, गज खरखरतो. जे कपडे घालणार, त्यांतच निदान दोनदा पूर्ण वादन करा. गुळगुळीत कापडावरून शोल्डर रेस्ट (व्हायोलिनखालचा खांद्याचा आधार) घसरते. लय वाढवण्याचे प्रयोग शेवटच्या आठवड्यात बंद.

आणि पियानोच्या साथीदाराला आदल्या दिवशी पहिल्यांदा भेटू नका. किमान तीन तालमी हव्यात, त्यांतली एक त्याच सभागृहात. मी तिथे कोणाला तरी शेवटच्या रांगेत बसवते, कारण व्हायोलिन दबू नये म्हणून पियानोचं झाकण किती उघडं ठेवायचं हे मंचावरून कळत नाही.